दुपारनंतरच पॉट का चुकतात?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी सावंतवाडीजवळ राहतो. वय २४. दिवसा मोबाइलच्या दुकानात नोकरी, संध्याकाळी स्नूकर. आमच्या पार्लरमध्ये माझा ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग घेतलेले गुण, पन्नासच्या पुढे जातो. पण स्पर्धेला कोल्हापूरला किंवा पुण्याला गेलो की सकाळचा सामना जिंकतो आणि दुपारचा हरतो. डोकं जड होतं, सोपे पॉट (चेंडू पॉकेटात घालणं) चुकतात, लांबच्या शॉटला हात थरथरतो. तसा बाबांचाही हात चहाचा कप धरताना थरथरतो, म्हणून मित्र म्हणतात तुमच्या घरातच आहे ते. एक जण एनर्जी ड्रिंक घे म्हणतो. दुसरा म्हणतो, हात स्थिर करायची गोळी मिळते. आई म्हणते पेज जेवून जा. पहाटेच्या गाडीने निघायचं असतं, त्यामुळे सकाळी चहावरच असतो. मध्येच लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमीच पितो. सोमवारचा उपवासही असतो. तर नेमकं खाऊ काय?"

अरे, पत्राच्या शेवटच्या चार ओळींत अर्धं उत्तर तूच लिहून पाठवलं आहेस. पहाटे उठणं, रिकाम्या पोटी चहा, पाणी टाळणं. दुपारी काय जेवतोस ते लिहिलेलं नाहीस, पण पहाटेपासून उपाशी असलेला माणूस दीड वाजता हॉलबाहेर पडून काय करतो याचा अंदाज मला आहे. मिसळ, दोन जादा पाव, वर ताक. नाहीतर भरलेली थाळी.

कुठलंही अन्न तुझा नेम सुधारणार नाही. बदाम नाही, तूप नाही, डब्यातली महागडी पावडरही नाही. स्नूकर म्हणजे कबड्डी नव्हे, टेबलाभोवती फिरण्यात फारशी ताकद खर्च होत नाही. मेंदू बसल्याजागी शरीराच्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा खातो हे खरं. पण अवघड सेफ्टीचा, म्हणजे समोरच्याला सोपा चेंडू मिळू नये अशा शॉटचा, विचार करताना ती भूक काही दुप्पट होत नाही. शिवाय धडधाकट माणसाच्या रक्तातली साखर यकृत बऱ्यापैकी सांभाळून धरतं. म्हणून 'डोक्याला ग्लुकोज हवं' म्हणत पुड्या फोडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. आहाराने एवढंच होतं की पार्लरमध्ये तू जसा खेळतोस तसा परगावी दुपारी तीन वाजताही खेळू शकतोस. तुझी तक्रारही तेवढीच आहे.

तुझा दिवस मांडून बघू. सावंतवाडीहून अंधारात निघायचं, आंबोलीचा घाट चढायचा, आजरा-गडहिंग्लजवरून कोल्हापूर. झोप झालेली नसते. वाटेत दोन-तीन चहा. पहिल्या सामन्याला मन ताजं, चहाचा अंमल अंगात, म्हणून खेळ होतो. मग भूक अनावर होते आणि पोटभर, तेलकट जेवण होतं. दोन ते चारच्या दरम्यान माणसाला एरवीही जरा पेंग येते. न जेवणाऱ्यालाही येते, ती शरीराच्या घड्याळाची गोष्ट आहे. जड जेवणाने ती वाढते, कारण तेलातुपाचं अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं. त्यात झोप अपुरी, पाणी कमी आणि सकाळच्या चहाचा अंमल नेमका तेव्हाच ओसरत आलेला. हे सगळं एकाच वेळी तुझ्या अंगावर येतं. समोरचा खेळाडू त्याच गावचा असेल तर तो घरी झोपलेला असतो आणि घरचं जेवून आलेला असतो. दुपारी तुझा खेळ एकदम खराब होतो असं तुला वाटतं. मला वाटतं, तो पहाटेपासूनच थकत आलेला असतो, दुपारी फक्त उघडा पडतो.

एनर्जी ड्रिंकबद्दल मित्राचं म्हणणं साफ चुकीचं नाही. कॅफिनने तरतरी येते, लक्ष टिकतं, त्यात वाद नाही. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५. कपभर चहात साधारण ३० ते ५० धर. तेव्हा एक डबा म्हणजे दीड-दोन कप चहा. त्यात काही आक्रीत नाही. गडबड होते ती बेरजेत. वाटेतले तीन चहा, पहिल्या सामन्यानंतरचा एक, त्यावर हा डबा. काही डब्यांत पाच-सहा चमचे साखर असते ती वेगळीच.

आणि तुझ्या खेळात बेरीज महाग पडते. हात प्रत्येकाचाच बारीकसा थरथरत असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. कॅफिन, जागरण, भूक, धास्ती, तंबाखू, सगळ्यांनी ती थरथर वाढते. धावणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. बारा फुटी टेबलावर या टोकाकडून त्या टोकाच्या पॉकेटात लाल चेंडू घालणाऱ्याला पडतो. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाशी केसभर चूक झाली तर पॉकेटाशी पोचेपर्यंत तिचे बोटभर झालेले असते.

तरी चहा एकदम सोडू नकोस. सवयीच्या माणसाने अचानक सोडला की डोकं धरतं, आणि ते सामन्याच्याच दिवशी धरेल. रोज जेवढे कप घेतोस तेवढेच घे, खाल्ल्यावर घे, आणि सामन्याआधी तास-पाऊण तास शेवटचा. कॅफिनचा जोर अर्ध्या ते एका तासात शिखरावर जातो आणि निम्मा उतरायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी सातला डबा फोडलास तर मध्यरात्रीही त्यातला निम्मा अंगात असतो, आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी असते.

आता खाण्याचं. तुझी आवस बरोबर सांगते.

उकड्या तांदळाची पेज जेवून शेतात उतरायचं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ती पोटाला कळते. भात सालीसकट उकडतात तेव्हा कोंड्यातली ब गटातली जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ती फारशी उरत नाहीत. उकडा भात पचायलाही थोडा सावकाश, त्यामुळे खाल्ल्यावर लगेच चढून लगेच उतरल्यासारखं होत नाही. पेजेत पाणी आणि मीठ आपोआप जातं, म्हणजे तू जे टाळतोस तेच आई ताटलीतून देते आहे. फक्त नुसती पातळ पेज दोन तासांत संपते. तिच्याबरोबर काहीतरी दमाचं हवं: उकडलेलं अंडं, रात्रीची कुळथाची पिठी, चवळीची उसळ, काहीही. लोणच्याच्या फोडीने चव येते, दम येत नाही.

पहाटे घाट चढायच्या आधी जेवण जात नसेल तर जबरदस्ती करू नकोस. आंबोलीच्या वळणांवर भरल्या पोटाचं काय होतं ते तुला माहीत असेलच. डबा घे. घावणे घे, पण बरोबर ओल्या नारळाची चटणी देऊ नको म्हणून आईला सांग. आपल्या हवेत ती दुपारपर्यंत आंबते. सुक्या खोबऱ्याची दे म्हणावं. नाचणीची भाकरी, दोन अंडी, वेलची केळी, शेंगदाणे-गूळ. घाट संपला, गाडी सपाटीला लागली की निम्मं खा. हॉलवर पोचल्यावर, सामन्याला दीड-दोन तास असतील तर उरलेलं.

दुपारची अडचण निराळी आहे आणि ती तुमच्या खेळाचीच आहे. बेस्ट ऑफ सेव्हन, म्हणजे आधी चार फ्रेम (डाव) घेईल तो जिंकला असा सामना, चार फ्रेममध्येही संपतो आणि सातव्या फ्रेमच्या काळ्या चेंडूपर्यंतही रखडतो. तुझ्या आधीच्यांचं टेबल कधी मोकळं होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. कागदावर अडीच लिहिलेलं असतं, पुकारा दीडलाही होतो आणि साडेचारलाही. म्हणून 'सामन्याआधी तीन तास जेवा' हा पुस्तकी नियम तुझ्या कामाचा नाही. जेवण मोडून तुकड्यातुकड्याने खा. दर दोन-अडीच तासांनी मूठभर, वाटीभर. एका वेळी पोट गच्च व्हायला नको आणि भुकेने जीव कासावीसही व्हायला नको. दहीभात, वरणभात, भाकरी-उसळ, एवढंच आणि अर्धपोटी. पुकारा लांबला तर पुन्हा थोडं. दोन फ्रेमच्या मध्ये अर्धं केळं चालतं.

कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा रस्सा खायचा नाही असं मी कशी म्हणेन? शेवटचा सामना झाला की खा. हरलास तर जास्तच चव लागते.

आदल्या रात्री नेहमीचं, घरचं. बांगड्याचं कालवण-भात उत्तम. बांगडा, तारली हे तेलकट मासे, त्यातलं तेल गुणाचं आहे, पण तो गुण वर्षानुवर्षं खाण्याचा. आज बांगडा खाल्ला म्हणून उद्या १४७ चा सर्वोच्च ब्रेक होत नाही. तिसऱ्या, कालवं असली शिंपल्यांतली मासळी मात्र त्या रात्री नको. शिळी निघाली तर सामना टेबलावर होणार नाही, भलतीकडेच होईल. आणि मुक्कामाला पाहुण्यांकडे उतरलास की ते वडे-सागोतीचा घाट घालतात. त्यांना आधीच फोन करून सांग की उद्या रात्री करा.

खाण्यातली एक गोष्ट आहारतज्ज्ञ सहसा सांगत नाहीत, कारण त्यांनी क्यू धरलेला नसतो. हात. भजी, वेफर्स, केळ्याचा चिकटपणा बोटांच्या बेचक्यात राहिला की क्यू सरकताना अडखळतो, आणि आपल्याला वाटतं हातच जड झालाय. साबणाने धू, कोरडे पूस. नुसते पँटला पुसणारे खूप पाहिलेत मी.

पाण्याबाबत तुझं गणित चुकतंय. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष ढळायला लागतं, चिडचिड होते, डोकं दुखतं. तू साठ किलोचा असशील तर ते सहाशे मिलिलिटर ते सव्वा लिटर. पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी टाळणारा माणूस तिथे सहज पोचतो. किनाऱ्यावर घाम वाळत नाही, अंगावरच राहतो, म्हणून निदान कळतं तरी. घाटावरच्या एसी हॉलमध्ये घाम दिसत नाही, तहान लागत नाही, आणि घसा कोरडा पडेपर्यंत तू खुर्चीत बसून समोरच्याचा ब्रेक बघत असतोस. लघवीची भीती असेल तर वेळ बदल. सकाळी उठल्यापासून घोट-घोट पीत राहा, सामन्याआधीच्या अर्ध्या तासात गटागटा पिऊ नकोस, आणि पुकारा झाला की आधी जाऊन ये. तरीही वाटलं तर फ्रेम संपल्यावर पंचांना विचारून जाता येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लघवी गडद पिवळी असेल तर समज की पाणी कमी पडलं.

घरचं कोकमाचं आगळ असेल तर बाटलीभर पाण्यात दोन चमचे घाल, चिमूटभर जिरेपूड, थोडी साखर. मीठ घालू नकोस, आगळात असतंच. बाजारातलं अमृत कोकम मात्र निम्मं साखरेचा पाक असतं. ते पाहुण्यांसाठी ठेव. शहाळं मिळालं तर फार चांगलं.

आता ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती: बाबांचाही हात चहाचा कप धरताना थरथरतो.

मित्र हे थट्टेत म्हणत असतील, मी थट्टेत घेणार नाही. घराण्यात उतरणारा एक कंप असतो. हात स्वस्थ मांडीवर असताना तो दिसत नाही. कप उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना दिसतो. तो जिवावरचा आजार नाही, पण तो असेल तर कितीही पेज जेवलास तरी जाणार नाही, आणि जास्त चहाने वाढेल. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी हात थरथरतात, वजन उतरतं, छातीत धडधडतं. तेव्हा स्वतःकडे नीट बघ. हात फक्त स्पर्धेतच थरथरतो, की दुकानात मोबाइलचा बारीक स्क्रू बसवतानाही? फक्त स्पर्धेत असेल तर धास्ती, चहा आणि जागरण यांच्यावर माझा संशय. एरवीही असेल तर फिजिशियनला दाखव आणि जाताना बाबांनाही घेऊन जा. दोघांना एकत्र बघितलं तर डॉक्टरांचं काम सोपं होईल. आणि रोजच, स्पर्धा नसतानाही, दुपारी गळून गेल्यासारखं होत असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घे. पुरुषांना रक्त कमी होत नाही हा गैरसमज आहे.

बिल वर्बेनियुक नावाचा कॅनडाचा स्नूकरपटू होता. १९८० च्या दशकात तो जगातल्या पहिल्या दहांत होता. त्याला असाच घराण्यातला कंप होता. बियर प्यायल्यावर हात थांबतो हे लक्षात आलं, म्हणून सामन्याआधी तो पाच-सहा मोठे ग्लास रिचवायचा आणि सामना सुरू झाल्यावरही पीत राहायचा. लोक हे किस्से हसत हसत सांगतात. पुढे तो बीटा-ब्लॉकर जातीचं औषध घेऊ लागला, ते औषध खेळात निषिद्ध ठरलं, आणि त्याची कारकीर्द त्यातच संपली. दारूने अशा कंपाला तात्पुरता उतार पडतो हे वैद्यकशास्त्रालाही माहीत आहे. पण अंदाज, अंतर, सेफ्टीचा विचार हे सगळं त्याच ग्लासात बुडतं, आणि उद्या तेवढ्याच परिणामासाठी जास्त लागते. सावंतवाडीहून गोवा हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तुझा दुसरा मित्र ज्या गोळीबद्दल बोलतो ती बहुधा हीच. बीटा-ब्लॉकर हृदयाचे ठोके आणि थरथर दोन्ही कमी करतात, आणि म्हणूनच क्यूच्या सगळ्या खेळांत स्पर्धेच्या काळात ते जागतिक उत्तेजकविरोधी यादीत निषिद्ध आहेत. नेमबाजी, तिरंदाजीतही आहेत. जिल्ह्याच्या स्पर्धेत कोण तपासतो, असं तुला वाटेल. तपासो न तपासो, ती फसवणूक आहे. आणि दमा असलेल्याने अशी गोळी घेतली तर श्वासावर बेतू शकतं. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही, बस्स. डॉक्टरांनी खरंच लिहून दिली तर त्यांना आधी सांग की मी स्पर्धा खेळतो. वैद्यकीय कारणासाठी सूट मागायची रीत आहे, पण ती आधी मागायची असते.

सोमवारचा उपवास सोड असं मी सांगणार नाही. तो तुझा आणि आईचा प्रश्न. सामना सोमवारी आला तर मात्र साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर घेऊ नकोस. स्टार्च, तूप आणि दाण्याचं कूट मिळून ती थाळीइतकीच जड पडते. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी थोडी-थोडी, दही, केळं, राजगिऱ्याचा लाडू, भरपूर पाणी. निर्जळी वगैरे अजिबात नको. आणि उपवासाला चहा चालतो म्हणून दिवसभर चहाच, हे तर नकोच नको.

रॉनी ओ'सुलिव्हन २०२२ मध्ये ४६ व्या वर्षी सातव्यांदा जगज्जेता झाला, तेव्हापासून तो काय खातो हे विचारणारी पत्रं येतात. तो वर्षानुवर्षं पळतो, हे आधी विचारा. जागतिक अंतिम सामना दोन दिवस चालतो, पस्तीस फ्रेमपर्यंत जाऊ शकतो. तिथे टिकायला नुसतं ताट पुरत नाही. दुकानात दिवसभर बसून असशील तर रोज संध्याकाळी पार्लरला चालत जा, तेवढं पुरे.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतःवर प्रयोग कर. सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला लाइन-अप लाव, म्हणजे चेंडू रांगेत मांडून एकेक घालायचा सराव कर, आणि किती चेंडू जातात ते लिही. एकदा भरपेट थाळीनंतर, एकदा अर्धपोटी दहीभातानंतर. एकदा नेहमीच्या चहावर, एकदा दोन जादा घेऊन. रात्री किती झोपलास तेही शेजारी लिही, नाहीतर झोपेचा दोष भाताच्या माथी मारशील. प्रत्येक गोष्ट तीन-चारदा कर, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. पुढच्या स्पर्धेला महिना तरी असेल तर आजच सुरू कर. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र नवीन काहीही करून बघू नकोस, यातलं माझं काहीसुद्धा.